दहाच्या रकान्यातले वीस

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर घडवणारा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नगर जिल्ह्यातल्या आमच्या रुग्णालयाच्या कॉलेजात सुरू झाला, आणि सत्तावीस वर्षे ब्रदर म्हणून काढल्यावर मी त्यासाठी अर्ज केला. वर्गात आम्ही चौघे होतो. बाकीच्या तिघी माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच सकाळी वॉर्डातल्या मावशींनी मला दारातच अडवले. "काय ब्रदर, नातवंडं खेळवायच्या वयात दप्तर घेतलं व्हय? डबा बी आणला असंल." मी हसलो. तेवढे मला जमत असे.

पुढचे जमेना. पुस्तकात लिहिले होते की नर्स प्रॅक्टिशनरने रुग्ण तपासावा, निदानाचा अंदाज बांधावा आणि ठरवून दिलेल्या चौकटीत उपचार सुरू करावेत. प्रत्यक्षात माझ्या लॉगबुकाची पाने महिनोन्महिने कोरी राहत. धमनीतून रक्त काढायची वेळ आली की एखादा निवासी डॉक्टर नम्रपणेच पुढे होई: "ब्रदर, हे मला करू द्या, माझ्याही लॉगबुकात अजून भरायचेत." मी एखाद्या रुग्णाविषयी मत मांडले की उत्तर येई, "बघतो." पण ते क्वचितच बघत. शिक्षण पुरे झाल्यावर आम्हाला कोणते पद मिळणार, हे कॉलेजात कोणालाच सांगता येत नव्हते. ही चीड मी रोज घरी नेत असे. एकदा जेवताना बायको शांतपणे म्हणाली, "तुमचं कोणी ऐकत नाही म्हणता, आणि मी वर्षभर दुसरं काय करतेय?"

आमच्या मार्गदर्शक मॅडम भूलतज्ज्ञ होत्या. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हा चौघांना एका खाटेभोवती उभे केले आणि रुग्णाचा श्वास मोजायला लावला. छातीवर नजर, हातात घड्याळ, पूर्ण एक मिनिट. "अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही," त्या म्हणाल्या. "माणूस बिघडायला लागला की सगळ्यात आधी श्वास सांगतो. रक्तदाब फार उशिरा सांगतो." मी मोजला, आणि मनातून दुखावलो. सत्तावीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला श्वास मोजायला शिकवतात, असे मला वाटले.

यात एक गोष्ट मी स्वतःपासूनही लपवीत होतो, ती इथे लिहितो. जनरल वॉर्डात आम्ही ताप मोजत असू, नाडी पाहत असू, रक्तदाब घेत असू. श्वास मात्र कोणी मोजत नसे. त्याच्या रकान्यात वीस लिहायचे, अशी रीतच पडली होती. फारच कोणी धापा टाकत असेल तर चोवीस. नव्या मुलींना ही रीत तोंडी शिकवली जाई, आणि शिकवणाऱ्यांत मीही होतो. एका वेळी चाळीस खाटा सांभाळताना दुसरे काय करणार, असे आम्ही म्हणत असू, आणि ते खोटेही नव्हते. पण आता विद्यार्थी म्हणून त्याच वॉर्डात माझ्याकडे फक्त आठ खाटा असत.

त्या दिवशीही आठच होत्या. सकाळी दहाला मी सगळ्यांच्या नोंदी केल्या. सहाव्या खाटेवर पुणतांब्याकडची एक बाई होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, मधुमेह जुना, लघवीच्या संसर्गाने ताप आलेला. तिचा नवरा पेरूची बाग बघून पहिल्या एसटीने आला होता आणि तिला मोसंबी सोलून देत होता. ती खात नव्हती. "सकाळपास्नं काय बोलंना," तो मला म्हणाला. "एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ देत न्हाई." ती किंचित हसली. मी ताप लिहिला, नाडी लिहिली, रक्तदाब लिहिला. आणि पुढच्या रकान्यात हाताने आपोआप वीस लिहिले. आठही जणांपुढे वीस.

अकराला मी तिच्याजवळून जात होतो. तिच्या गळ्याजवळचे स्नायू आत ओढले जात होते. मी थांबलो आणि घड्याळ काढून पूर्ण मिनिट मोजले. चौतीस. पुन्हा मोजले. पुन्हा चौतीस. संसर्ग रक्तात पसरत होता, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसले. वर्षभर वाचलेले सगळे एका माणसात जुळून आले. अतिदक्षता विभागात एकच खाट रिकामी होती. मी निवासी डॉक्टरांना फोन लावला आणि तिला लगेच हलवायला हवे असे सांगितले.

"रक्तदाब?" त्यांनी विचारले.

"एकशेदहा. पण श्वास चौतीस आहे, सर."

"आणि दहाला किती होता?"

वॉर्डातली स्टाफ नर्स माझ्या शेजारी उभी होती; तिला मीच शिकवले होते. चार्ट माझ्या हातात होता.

"वीस," मी म्हणालो.

"मग तासात वीसचे चौतीस? बाथरूमला जाऊन आली असेल, ब्रदर. तापही आहे. ताप उतरवा, तासाभराने परत बघा. ती खाट मी अपघाताच्या पेशंटला देतोय, इथे दोघे मागताहेत."

"ते वीस मी मोजलेले नाहीत" एवढेच वाक्य मला म्हणायचे होते. ते म्हटले असते तर माझे चौतीस खरे ठरले असते. मी म्हणालो, "ठीक आहे, सर." फोन ठेवल्यावर मी नर्सला म्हणालो, "बघितलंस? आमचं कोणी ऐकतच नाही." ती म्हणाली, "तुमचंच काय, आमचं तरी कोण ऐकतंय!" आणि आम्ही दोघांनी मान हलवली. ते मान हलवणे मला आज सर्वांत जास्त बोचते. वर्षभराची ती तक्रार खरी होती. पण त्या क्षणी मी त्या तक्रारीच्या आड लपलो होतो.

मी प्रतिजैविकाचा पुढचा डोस लवकर मिळावा म्हणून खटपट केली, सलाईन वाढवून घेतले, बारालाही पुन्हा फोन केला. डॉक्टर एका दुसऱ्या रुग्णात अडकले होते. तीनला तिचा रक्तदाब कोसळला. चार वाजता खाट मिळाली, आणि पाचला तिला व्हेंटिलेटर लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चार्ट पुढे ठेवला. "दहाचा श्वास तुम्ही मोजला होता?"

"नाही, मॅडम."

"बाकीचे सात?"

"तेही नाही."

त्यांनी चार्ट मिटला. मग म्हणाल्या, "या केसचं सादरीकरण तुम्हीच कराल. आणि हे त्यात असेल."

आठवड्याने मी वर्गापुढे आणि डॉक्टरांपुढे सगळे सांगितले. मला शिक्षा हवी होती. निदान कोणाचा तरी राग. ते निवासी डॉक्टर बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेता, ब्रदर? आम्ही इंटर्न असताना अठरा लिहायचो." त्यांनी ते मायेने म्हटले होते. मला ओरडावेसे वाटले. ज्या रीतीमुळे एका बाईचे उपचार पाच तास लांबले, त्या रीतीवर आम्ही चहा घेत हसत होतो, आणि दुपारी वॉर्डात गेलो तर चार्टवर पुन्हा ओळीने वीस होते. मी नर्सला एकेक मोजायला सांगितले. "सर, तुमचं कॉलेज हाय," ती म्हणाली, "माझी चाळीस खाटांची ड्युटी हाय."

बाई जगली. पण व्हेंटिलेटर लवकर सुटेना, म्हणून तिसऱ्या आठवड्यात गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागली; त्या नळीमुळे तिचा आवाज फुटत नसे. तिचा नवरा अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेला असे. मॅडमना विचारून मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि त्याला सांगितले: त्या सकाळी मी श्वास न मोजता आकडा लिहिला, त्यामुळे तिला अतिदक्षता विभागात हलवायला उशीर झाला, चूक माझी होती. बोलताना मी हात जोडले होते.

त्याने माझ्या हातांकडे पाहिले. "हे डॉक्टरला सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग मला कशापायी सांगता, भाऊ?" तो चिडून नव्हे, थकून विचारत होता. "मी रागावलो तर तुमाला बरं वाटंल. माफ केलं तर आनिक बरं वाटंल. मी काय करू ते?"

मी हात खाली घेतले.

"ती बोलंल कधी, तेवढं सांगा," तो म्हणाला. "रोज ओठ हलवती. मला काय बी कळत न्हाई. माझ्यावर चिडती मग."

मला एक बरा वाटणारा आकडा सुचला होता. दोन आठवडे, तीन आठवडे. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "नळी कधी निघेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. मॅडमना विचारून येतो."

"या," तो म्हणाला, आणि मी उठण्याआधीच बाकावर थोडा बाजूला सरकून त्याने आपली पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.