थोरला कॅमेरा, धाकटा कॅमेरा

"थोरला खरं बोलतोय, धाकटा गोड बोलतोय."

हे वाक्य म्हणताना आप्पा आधी उजव्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यावर थाप मारत, मग डाव्या खांद्यावरच्या. नवख्या माणसाला वाटे, घरातल्या दोन मुलांबद्दल चाललंय. चाललेलं असायचं ते दोन जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांबद्दल. आप्पांनी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, याची नोंद माझ्याकडे नाही. एरवी मी नोंद ठेवत नाही अशा गोष्टी थोड्याच आहेत.

निपाणीतल्या एका मंगल कार्यालयाची व्यवस्था मी गेली अनेक वर्षं बघते. गाद्या किती, पाण्याचे जार किती, कोणत्या खोलीची किल्ली कोणाकडे, सगळं कागदावर. आमच्याकडच्या निम्म्या लग्नांचे फोटो आप्पा काढत. कोणाकोणाचे फोटो हवेत त्याची यादी मी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना विचारून करायची आणि आप्पांच्या हातात द्यायची. ते ती न वाचता परत करत.

"तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या, आक्का. मामा कोण, ते मला रडण्यावरनं कळतंय."

आणि कळायचं. यादीतला एकही माणूस सुटलेला मला आठवत नाही. सीमाभागातलं लग्न म्हणजे अर्धे पाहुणे मराठी बोलणारे, अर्धे कन्नड. आप्पा स्टुलावर चढून एका दमात हाक मारत, "इल्ली नोड्री, हिकडं बघा!" आणि दोन्ही बाजूंची तोंडं एकाच वेळी वर होत.

आता कॅमेऱ्यांबद्दल. थोरला सहा मेगापिक्सेलचा. मागचा पडदा काडेपेटीएवढा, बॅटरीच्या झाकणाला चिकटपट्टी, बटण दाबलं की खट्याक असा आवाज, म्हातारी माणसं दचकायची. धाकटा त्याच कंपनीचा, बारा मेगापिक्सेलचा, चार-पाच वर्षांनी मागून आलेला. अंधारात थोरला हात टेकायचा, धाकटा ट्यूबलाइटच्या उजेडातही निभावून न्यायचा. पण रंग? एकदा त्यांनी आमच्या मागच्या वखारीतला तंबाखूचा पाला दोन्हींनी टिपून मला दाखवला. थोरल्यातला पाला पाल्यासारखा होता. धाकट्यातला जिलेबीसारखा.

"बघा की. माणसाचंबी तसंच करतोय. काळं-सावळं कोण दिसलं की गोरं करून सोडतोय."

"मग तो वापरता कशाला?"

"नवरीची आई पुढं आली की धाकटा. नवरीची आजी आली की थोरला. आजीला खोटं चालत न्हाय."

माझी मोबाइलवाली भाचेमंडळी त्यांना हसायची. मलाही गंमत वाटायची. दोन जुनाट यंत्रं, त्यांची एवढी चिकित्सा! तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, एकाच गोष्टीचा काथ्याकूट करत आयुष्य काढणारं. आपण त्याचं ऐकतो, मान डोलावतो आणि पुढच्या कामाला लागतो.

मग आप्पांच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक पोरगी, तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली. कार्यालय अर्थातच आमचं. तारीख लिहून घेऊन मी वही मिटायला घेतली, तर आप्पा उठेनात.

"आक्का, वही मिटू नका. ह्या दोघांचा निकाल लावायचाय."

"कसला निकाल? दोन्ही घ्या की नेहमीसारखे."

"पोरीच्या लग्नात दोन खांद्यांवर दोन घेऊन हिंडू? पाहुणा गळाभेट कुठनं घेणार? एकच घ्यायचा. कुठला, ते सांगा."

"आप्पा, त्या दिवशी दुसरा फोटोवाला सांगा. तुम्ही नुसते बाप व्हा."

"तिची आई गेल्यापास्नं मी नुसता बाप कधी होतो?"

मी नवं पान उघडलं, मधोमध रेघ मारली. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. खाली उन्हात, सावलीत, ट्यूबलाइटखाली, रंग, वजन, बॅटरी, अशा अकरा ओळी. आठवडाभर रोज दुपारी आप्पा येत. मला पायरीवर उभं करून आधी थोरल्याने टिपत, मग धाकट्याने. थोरल्याला फिल्मच्या जमान्यातली जुनी लेन्स होती. तिचं कडं हाताने फिरवून फोकस लावावा लागे. धाकटा आपला आपण लावायचा. मी दोन्हींचे फोटो संगणकावर शेजारी शेजारी लावत होते आणि ओळीओळीत खुणा करत होते.

रंगात थोरला पुढे होता, वजनातही. पण त्याचे सगळे फोटो धुरकट. माझ्या पापण्या दिसत नव्हत्या, साडीचे काठ विरघळल्यासारखे. धाकट्याचे लख्ख.

आठव्या दिवशी मी सांगून टाकलं. "थोरला थकला, आप्पा. फोकसच धरत नाही."

ते पडद्याच्या इतके जवळ आले की नाक टेकेल असं वाटलं. "नक्की?"

"तीनदा तपासलंय."

त्यांना वाईट वाटेल म्हणून मी आधीच चहा सांगून ठेवला होता. पण ते हायसं वाटल्यासारखे खुर्चीत मागे टेकले. "थोरल्याचाच दोष म्हणायचा," असं दोनदा म्हणाले. मला ते जरा चमत्कारिक वाटलं. तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी थोरला चिकोडीच्या एका स्टुडिओवाल्याला देऊन टाकला.

लग्नाच्या दिवशी आप्पा पांढरं धोतर, कोट, गुलाबी फेटा अशा थाटात आले, गळ्यात धाकटा. कन्यादानाला त्यांची सदलग्याची बहीण आणि मेव्हणे बसले होते. आप्पा पाहुण्यांना नमस्कार करायचे, मागे वळून फोटो काढायचे, परत नमस्कार. मी दारातून बघत होते आणि वहीत एकेक काम पुरं झाल्याची खूण करत होते. अक्षता पडल्या. सगळं वेळेत झालं. मी स्वतःवर खूश होते.

तिसऱ्या दिवशी ते कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन माझ्याकडे आले. "आक्का, तुमच्या मोठ्या पडद्यावर लावा. कॅमेऱ्यावर नीट दिसंना."

पहिला फोटो लावला. नवरा-नवरीच्या मागे झेंडूच्या माळांचा पडदा होता. त्याची पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी. पुढची दोन तोंडं मात्र धुक्यात. दुसरा तसाच, दहावा तसाच. कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. आप्पांनी नेम जिथे धरला, तिथलं त्याने टिपलं होतं. नेम दोन डोक्यांच्या मधल्या फटीतून मागच्या माळांवर जात होता, आणि ते आप्पांना दिसत नव्हतं.

"कसे आलेत?" त्यांनी विचारलं. पडदा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

माझी अकरा ओळींची यादी त्या क्षणी डोळ्यांपुढे आली. एका कॅमेऱ्याचा फोकस यंत्र लावत होतं, दुसऱ्याचा माणूस. धुरकट येत होते ते माणसाने फोकस लावलेले फोटो. हे मी आठवडाभर रोज दुपारी समोर उभी राहून पाहिलं होतं आणि दोष यंत्राच्या नावावर लिहिला होता.

"आप्पा, उद्या बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले. त्यांनी कशाला असं विचारलं नाही.

डॉक्टरांनी दोन तास तपासलं. साखरेने डोळ्याचा पडदा खराब झाला होता. उजव्याचं आता काही होण्यासारखं नाही, डावा राहील तेवढा राखू, असं म्हणाले. मग माझ्याकडे बघून, आवाज जरा खाली आणून, "चार-सहा महिने आधी आणायला हवं होतं."

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीशी बसले होते. संकेश्वर मागे पडलं. मग म्हणाले, "दाराची चौकट वाकडी दिसाय लागलती. दिवाळीच्या आधीपास्नं."

"दिवाळीच्या आधीपासून? आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर दवाखाना. दवाखान्यात गेलो असतो तर कॅमेरा ठेव म्हटलं असतं. पोरीचं लग्न तोंडावर. म्हणून तुमच्याकडं आलतो. तुमचं काम लई कडक. तुम्ही थोरल्याचा दोष म्हटलासा, की मलाबी तसंच वाटाय लागलं. लई बरं वाटलं बघा."

"आप्पा, माझं चुकलं."

"तुम्ही पुढं दिसलं ते सांगितलासा. चुकलं माझं. बिचाऱ्या थोरल्यावर ढकललं सगळं."

पुढे महिन्याभराने चिकोडीचा तो स्टुडिओवाला एका लग्नाला आमच्याकडे आला. थोरला त्याच्या गळ्यात होता. मी फोटो दाखवायला सांगितले. सुईच्या टोकासारखे होते. "झकास मशीन हाय, बाई," तो म्हणाला, "म्हाताऱ्यानं का दिलं, कुणाला ठाऊक." मी त्याला सांगितलं नाही. आप्पांनाही नाही.

निपाणीची खोली सोडून आप्पा सदलग्याला बहिणीकडे राहायला गेले. मी महिन्यातून एकदा जायची. डाव्या डोळ्यात उजेड-सावली उरली होती. धाकटा त्यांनी पोरीला देऊन टाकला होता. कॅमेऱ्यांचा विषय ते काढत नसत, मीही नाही. बोलणं ऊस, पाऊस आणि चिकोडीच्या बसच्या वेळा यांवर चालायचं. मागच्या वर्षी ते गेले. झोपेतच गेले, असं बहिणीने फोनवर सांगितलं.

शेवटची भेट त्याआधी पंधरा दिवस झाली. मी गेले तेव्हा पुढच्या सोप्यात भिंतीला एक नवा फोटो लावलेला होता, चांगला दोन हात रुंद. पोरीने सासरहून करून पाठवला होता, तिच्याच लग्नातला, आप्पांनीच काढलेला. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये स्वच्छ फोटो पुष्कळ होते. तिने हाच निवडला होता.

बहीण पाणी आणायला आत गेली. आप्पा माझ्याकडे झुकून म्हणाले, "आक्का, पोरगी म्हणती झकास आलाय. बहीण म्हणती झकास आलाय. तुम्ही सांगा."

मी उठून फोटोपुढे उभी राहिले. एकदा मी त्यांना चुकीचं सांगितलं होतं. आता दया म्हणून खोटं सांगायचं माझ्या जिवावर आलं.

"मागच्या माळा लख्ख आल्यात, आप्पा. पोरगी धुरकट आलीय."

"लई?"

"लई. शालूचा रंग कळतो. तोंड कळत नाही."

मला वाटलं, बोलायला नको होतं. बाहेर कुणीतरी बैलांना पाणी दाखवत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग आप्पांनी फोटो असेल त्या दिशेला मान वळवली.

"मग बराबर आलाय," ते म्हणाले. "मला ती तशीच दिसलती."