पहिल्या दिवसाची पिशवी

गेल्या रविवारी लखनौच्या चिनहट भागात जेवायला गेलो होतो. घर रेल्वेतल्या एका मराठी इंजिनिअरचं. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता आणि थोरल्या बहिणीच्या रक्तातल्या मूळपेशी मिळून ते बरे झाले. त्या पेशी गोळा करणाऱ्या विभागाचा मी तेव्हा प्रमुख होतो. त्या दिवसाची आठवण म्हणून ते दर वर्षी तिघांना जेवायला बोलावतात: बहिणीला, म्हणजे ताईंना, मला आणि तेव्हा यंत्रावर बसलेल्या आमच्या टेक्निशियन बाईंना.

शेवटी शिरा आला. वाढत होती इंजिनिअरसाहेबांची मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. आत्याच्या पानाशी थांबून ती म्हणाली, "बुआ को दो चम्मच और। पहले दिन इनका माल कम निकला था।"

सगळे हसले. ताईही हसल्या. हा विनोद दर वर्षी होतो आणि दर वर्षी मीही त्यात हसतो. यंदा मी चमचा खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

झालं होतं ते असं. मूळपेशी देणाऱ्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, म्हणजे हाडांतल्या पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, तिथे गरगर फिरून त्याचे थर होतात, मधल्या पातळ थरातल्या पेशी पिशवीत जमतात आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत अंगात येतं. चार तास लागतात. सगळी मदार तो थर नेमका पकडण्यावर असते. जरा वरखाली झालं, की अंगात पेशी भरपूर असूनही पिशवीत थोड्याच उतरतात.

आदल्या दिवशी मीच ताईंना बजावलं होतं, तूप-तळण बंद. ताई आलमबागच्या एका शाळेत शिकवायच्या. सांगितलेलं त्या काटेकोर पाळणार, याची मला खात्री होती. पण सकाळी माझ्या पत्नीने डबा हातात दिला. म्हणाली, लखनौत आपल्या माणसांचं कोण आहे, चांगल्या कामाला बसतेय, तोंड गोड करून बसू दे. डब्यात साजूक तुपातला शिरा होता, तुपाने निथळणारा. ताई नको म्हणाल्या. मीच म्हणालो, "खा हो, एवढ्याने काय होतंय." डॉक्टरच म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी डबा संपवला.

दोन तासांनी टेक्निशियन बाईंनी मला बोलावलं. त्या बख्शी का तालाब गावच्या, घरी म्हशी, लहानपण दूध घुसळून साय काढणाऱ्या यंत्रापाशी गेलेलं. नळीतला रक्ताचा पिवळा द्रव पांढुरका झाला होता. त्या म्हणाल्या, "सर, मशीन को मलाई दिख नहीं रही। सब सफ़ेद है।"

त्यांची मलाई म्हणजे तो मधला थर; यंत्र तो ओळखतं ते उजेडावर. रक्तात चरबी उतरली की तो उजेड आरपार जात नाही. त्यांनी ताईंना विचारलं, सकाळी काय खाल्लं. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बस चाय।"

मी ते तसंच चालू दिलं. पिशवी मोजली तर पेशी गरजेच्या निम्म्याही नव्हत्या. भावाचा सगळा भरवसा त्या पिशवीवर होता. त्याच्या स्वतःच्या पेशी औषधांनी संपत आल्या होत्या. आणि मी कागदावर लिहिलं: इंजेक्शनांना दात्याचा प्रतिसाद कमी.

दुसऱ्या दिवशी ताईंना पुन्हा इंजेक्शन, पुन्हा दोन्ही हातांत सुया. टेक्निशियन बाईंनी आदल्या संध्याकाळीच दुधी आणि कोरडी पोळी इतकंच खायला लावलं होतं. सकाळी बिनदुधाचा चहा. मग चार तास त्या स्टुलावरून उठल्या नाहीत. नळीचा रंग बघायच्या, वेग किंचित कमी-जास्त करायच्या, आणि मधूनच ताईंना घरच्या म्हशींच्या खोड्या सांगायच्या. ताई इतक्या हसायच्या की सुई हलेल म्हणून मला ओरडावं लागलं. त्या दिवशीची एकच पिशवी पुरून उरली, तरी पहिलीही भावाला चढवलीच. एरवी दुसऱ्या दिवशी पेशी कमी मिळतात. इथे उलटं झालं, पण कुणी कारण विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढे बाईंनी नियमच केला. आधी थोडं रक्त काढून नळीत स्थिर ठेवायचं, वरचा द्रव स्वच्छ दिसला तरच दात्याला यंत्राला जोडायचं. आमच्या पिशव्या भरू लागल्या. एका परिषदेत मी ते "आमच्या विभागाने" असं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. बाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनीही वाजवल्या.

एवढं बोलून मी थांबलो. ताई शांतपणे म्हणाल्या, "डबा मीच संपवला होता, डॉक्टर. मला ठाऊक नसेल होय?"

टेक्निशियन बाई पानातल्या शिऱ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, इलायची की महक तो मुझे उसी दिन आ गई थी।"

इंजिनिअरसाहेब हसता हसता खोकू लागले. म्हणजे इतकी वर्षं आपण हिला फुकट चिडवतोय, आणि आपल्या अंगात डॉक्टरांच्या घरचं तूपही खेळतंय, म्हणाले. मुलीने आत्याच्या पानातले जास्तीचे दोन चमचे उचलून माझ्या पानात घातले. "अब से ये आपका।"

मी ते आनंदाने खाल्ले. पण ताई शाळेतल्या. त्यांनी हात धुऊन येऊन मला सांगितलं, "कागदावर अजून मीच कमी आहे. तोंडी माफी चालणार नाही. लिहून द्या."

तर लिहून देतो. ताईंच्या रक्तात पेशी मुबलक होत्या. त्या पिशवीत उतरल्या नाहीत, कारण मी नेलेला शिरा. ते ओळखलं टेक्निशियन बाईंनी, आणि त्यावरचा नियमही त्यांचाच.