सुमनबाईचा अंगठा

सुमनबाई या वयात पाट लावणार, अशी कुजबुज आमच्या एकोडीत उठली ती ऐन रोवणीत, धानाची रोपं लावायच्या दिवसांत. माणूस साकोलीचा आहे, तिच्याहून बराच लहान आहे, चष्मा लावतो, इथपर्यंत तपशील लागले होते. शकुनबाईनं तर डोळ्यांनी पाहिलं होतं. साकोलीच्या बाजारात एसटी थांबली, तिनं खिडकीतून सहज मान बाहेर काढली (शकुनबाईची मान सहजच बाहेर येते), तर समोरच्या दुकानात त्या माणसानं सुमनबाईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरलेला. नुसता धरलेला नाही, वर फुंकर घालत होता!

पानठेल्यावर ही बातमी आली तेव्हा आमच्या हातातला चहा थंड झाला. असं सुख गावाला रोज मिळत नाही.

सुमनबाई कोण, हे नव्यांना सांगायला हवं. रोवणीच्या बायांची ती म्होरकी. ती बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरली की बाकीच्या बाया तिच्या मागे, आणि गाणं तिचंच पहिलं. माहेर अर्जुनीकडचं. जिल्हा फुटला आणि माहेर गोंदियात गेलं, तर भावानं येणंच कमी केलं. ती म्हणायची, "सरकारनं रेघ मारली अन् माह्या भावाले निमित्त भेटलं." नवरा परसराम लवकर गेला. मग एकुलती मुलगी गेली, जावयानं दुसरा संसार मांडला, आणि नात रुचिता आजीकडे आली. पोरगी हुशार. आजी अक्षरशत्रू, पण नातीचं पुस्तक उलटं धरलेलं तिला लगेच कळायचं.

आता खरी गोष्ट. शाळेचे, शिष्यवृत्तीचे फार्म तेव्हा नुकतेच कॉम्प्युटरवर गेले होते. फार्म भरताना मोबाईलवर आकडे येतात, ते टाकले तरच काम पुढं सरकतं. सुमनबाईकडे मोबाईल नव्हता, म्हणून दिराचा, जीवनचा नंबर दिलेला. आकडे आले तेव्हा जीवन पवनीला लग्नात जेवत होता. मोबाईल सदऱ्यात, सदरा खुंटीला. शेवटची तारीख निघून गेली आणि रुचिताची शिष्यवृत्ती बुडाली.

पुढच्या वर्षी ती दहावी पास झाली. यंदाही फार्म हुकला तर अकरावी नाही, आजीसोबत चिखलात उतरायचं, एवढा साधा हिशेब होता.

जीवन म्हणाला, "वहिनी, माहाच नंबर टाका ना. यंदा ध्यान ठेवतो."

"तुह्या ध्यानापायी एक साल गेलं, भाऊ. घर सासऱ्याच्या नावानं, वावर तुह्या नावानं. हा नंबर तरी मले माह्या नावानं पाहिजे."

ती साकोलीला गेली, अश्विनच्या मोबाईल दुकानात. त्या दिवसांत सिम घ्यायला मशीनवर अंगठा लावावा लागे. अश्विननं अंगठा लावून पाहिला, मग एकेक करून दहाही बोटं. एकही उमटेना. रोवणी नुकतीच सुरू झालेली, बोटांना चिखल्या पडलेल्या, रेषा म्हणाल तर कुठंच नाहीत.

"मावशी, मशीन तुमाले ओळखून नाही राहिली. थोडे दिवस हात चिखलात घालू नका, मग या."

रोवणीच्या म्होरकीला म्हणे हात चिखलात घालू नको! पण ती खरंच घरी बसली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा बाया तिच्याविना बांधीत उतरल्या, आणि गाणं कोणी उचलावं यावरून भांडल्या. इकडे ही बाई ओसरीवर बसून हाताला गाईचं तूप चोळते, भांडी नातीकडून घासून घेते, कोणी विचारलं तर हसते. म्हातारी बाई हातांना तूप चोळते म्हटल्यावर गावानं काय समजावं? आम्ही समजलो तेच. त्यात शकुनबाईची एसटी!

काही दिवसांनी ती पुन्हा साकोलीला गेली, त्या फेरीत सिम मिळालं. बटनाचा मोबाईल पिशवीत गुंडाळून, कमरेला खोचून सुमनबाई दुसऱ्या दिवशी बांधीत हजर. फार्मची साइट काही दिवस बंदच होती. रुचिता रोज ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसायची. आणि एका दुपारी साइट उघडली.

सुमनबाईच्या कमरेला टुणटुण झालं. तिनं पदराला हात पुसला, मोबाईल काढला, आणि ज्या बाईला वाचता येत होतं तिच्याकडं पाहिलं. ती होती शकुनबाई. रोवणीच्या त्या सगळ्या बायांत तेवढी एकच!

"वाच वो लवकर. आकडे शिळे होतात म्हनते पोरगी."

शकुनबाईनं वाचलं. त्यात पहिलंच वाक्य होतं, हे आकडे कोणालाही सांगू नका. तेही तिनं मोठ्यानं वाचलं. मग बांधावर चढून पुढच्या बांधीतल्या बायांना ओरडली, "चार! सात! सात!" त्यांनी वळून पलीकडच्या बांधीत टाकलं. तिथून तळ्याच्या पाळीवर बकऱ्या चारणाऱ्या धनीरामनं उचललं. तो ग्रामपंचायतीच्या खिडकीकडं तोंड करून गरजला. जो आकडा बापालाही सांगायचा नाही, तो अर्ध्या एकोडीनं एका दमात घोकला. बँकेचा साहेब ऐकता तर तिथंच बसला असता.

थोड्या वेळानं रुचिता बांधावरून धावत आली. "आजी, भरला! भरला फार्म!"

सुमनबाई चिखलातच उभी राहिली. मग तिनं गाणं उचललं, आणि ओळ पुढं सरकली.

आता रोवणीला यंत्र येतं. बांधीत गाणं नाही, इंजिनाचा आवाज आहे. सुमनबाईही नाही. रुचिता आमच्याच आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, टॅबवर नोंदी करते. एखाद्या बाईचा अंगठा मशीननं नाकारला की ती म्हणते, "मावशी, थांबा. दुसऱ्या हाताचं बोट द्या." तिचा नंबर अजून तोच आहे, आजीचा.

त्या दिवशी फार्म भरल्यावर शकुनबाईनं मात्र संधी सोडली नाही. बांधावर भाकर सोडताना विचारलंच, "सुमन, खरं सांग वो. साकोलीत हात कोन धरला होता तुहा?"

सुमनबाईनं भाकरीचा घास गिळला आणि सांगितलं. मोबाईलवाला अश्विन होता. ती जाताना बोटांना तूप चोळूनच गेली होती, त्यामुळं बोट काचेवरून सरकत होतं. तो ते पुसत होता, फुंकून कोरडं करत होता. शेवटी डाव्या हाताची करंगळी उमटली.