कृपादान मास्तरांची कडब्याची खोली

बाहत्तरच्या दुष्काळात सोनईत ज्याच्या घरी कडबा होता तो श्रीमंत. आमचे कृपादान मास्तर त्या हिशोबाने सावकारच म्हणायचे. साठ पेंढ्या त्यांच्याकडे होत्या, आणि घरात जनावर म्हणाल तर एक मांजर. त्या साठ पेंढ्या माणसांच्या खोलीत, चारी कोपऱ्यांत, जमिनीपासून पार पत्र्यापर्यंत उभ्या रचलेल्या. माझी म्हैस दारात बरगड्या दाखवत उभी होती, त्यामुळे मास्तरांबद्दल शांतपणे लिहिणं मला आजही जड जातं.

मास्तर आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. मी देवळात मृदंग वाजवायचो आणि रविवारी त्यांच्या चर्चमध्येही. तिथं गाणाऱ्या बाई म्हणजे मास्तरांची बायको, लिडियाबाई. आवाज बारीक, पण असा स्वच्छ की रस्त्यावरून जाणारा सायकलवरून उतरायचा. त्या वर्षी त्यांच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टर म्हणाले, माघात ऑपरेशन करू, जीवाला धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही.

मास्तर हे ऐकून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरचा टेपरेकॉर्डर खाली काढला. मिशनच्या एका गोऱ्या मॅडमनी मायदेशी परत जाताना तो त्यांना दिला होता. बाईंचं एक गाणं त्यात धरून ठेवायचं, बस. एका दुपारचं काम होतं.

ते झालं नाही, कारण खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहाच फूट उंच. मी डाव्या हाताची थाप मारली की खोलीभर ‘घूंऽऽ’ व्हायचं आणि टेपमध्ये बाईंचा आवाज त्याच्या तळाशी बुडायचा.

“सहादेवराव, तुमचा डावा हात लई जड हाय,” मास्तर म्हणाले.

वीस वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मृदंगाच्या डाव्या तोंडाला, पुडीला, लावायला गव्हाची कणीक मिळत नव्हती. रेशनच्या लाल मिलो ज्वारीचं पीठ थापायचो, तेही वाजवता वाजवता गळून पडायचं. वर हे ऐकून घ्यायचं! मी म्हटलं, “मग मृदंग नको.” तर म्हणे, मृदंगाशिवाय गाणं आळणी लागतं.

मग त्यांनी चर्चमधल्या घराघरांतून वाकळा आणल्या आणि भिंतींवर टांगल्या. माझीही नेली. थंडीचे दिवस. संध्याकाळी ज्याची त्याची वाकळ परत जायची, सकाळी पुन्हा भिंतीवर यायची. वाकळांनी बाईंच्या हातातल्या झांजेचा चिरचिराट खाल्ला, पण घूं जसाच्या तसा. मास्तर आठ दिवस खोलीत ‘ऊंऽऽ’ करत हिंडले. शेवटी त्यांना कळलं की जाड आवाज कोपऱ्यात जाऊन साचतो, आणि तिथं त्याला काहीतरी जाड, पोकळ, भुसभुशीत खायला द्यावं लागतं. मेहुण्याच्या कालव्याकाठच्या रानातून गाडी भरून कडबा आला. गाव ओसरीवर उभं राहून बघत होतं.

तक्रार झाली. मास्तरनं चारा दडवला! तलाठी रंगनाथअप्पा पंचनाम्याला आले.

“जनावरं किती?”

“एकबी न्हाई.”

“मग कडबा कशाला?”

“आवाजासाठी.”

अप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मांजराकडे. मास्तरांनी त्यांना खोलीच्या मधोमध उभं केलं आणि मला थाप मारायला लावली. नंतर एका कोपऱ्यातला कडबा हलवून पुन्हा थाप. अप्पांनी पाच-सहा वेळा ऐकलं, स्वतःही दोनदा खाकरून बघितलं. मग कागदावर लिहिलं, ‘चारा आढळला. वापर चालू आहे.’ आणि सही ठोकून गेले.

एकट्या लिडियाबाई कंटाळल्या होत्या. “अवो,” त्या म्हणाल्या, “माझं दुखनं माघात काढायचंय. ह्या खोलीचं कवा निघनार?”

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी निघालं. खोलीत जेमतेम तिघं मावत होतो. कडब्याचा भुसा नाकात जात होता. पण मी थाप मारली, ती थाप तेवढीच वाजली आणि थांबली. बाईंनी गाणं म्हटलं. मास्तरांनी टेप बंद केली आणि मला मिठी मारली. माझ्या डाव्या हाताबद्दल ते तेव्हाही चांगलं बोलले नाहीत.

पंधरा दिवसांनी बाई परत आल्या. गाठ गेली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते तसा आवाजही. उरला होता तो जाड, भरडा, खर्जातला, एखाद्या थकलेल्या माणसाचा असावा तसा. मला ऐकवेना. गाणं धरलं त्या दिवसापासून वाकळा भिंतीवरच राहिल्या होत्या; मी माझी मागायला म्हणून गेलो होतो, ते विसरूनच गेलो.

मास्तरांनी बाईंना त्या खोलीत बसवलं आणि टेप लावली. गाणं निर्मळ होतं, एक घूं नाही. बाईंनी पदर तोंडाशी धरून सगळं ऐकलं. मग त्या काहीतरी बोलल्या.

“काय?” मास्तर म्हणाले.

त्या पुन्हा बोलल्या. मास्तर हातभर अंतरावर होते, मी दारात. ओठ हललेले दिसले, ऐकू काही आलं नाही. तिसऱ्यांदा बोलल्या, आणि रडायला लागल्या.

मास्तरांचा चेहरा तेव्हा मी बघितला. दोन महिने खपून त्यांनी त्या खोलीला जाड आवाज खायला शिकवलं होतं. ती आता इमानदारीनं खात होती.

ते उठले आणि कोपऱ्यातली पेंढी ओढून दाराबाहेर फेकली. मग दुसरी, तिसरी. मीही लागलो. वाकळा उपटल्या, खिळे तसेच राहिले. बाहेर कडब्याचा ढीग झाला, कुणाकुणाची जनावरं दावी तोडून आली, त्यात माझी म्हैसही होती. कुणी हाकललं नाही. ऊन कलायच्या आत खोली उघडीबोडकी झाली.

“आता बोल,” मास्तर म्हणाले.

“काय बोलू?” बाई म्हणाल्या, आणि ते दोन शब्द घुमून खोलीभर झाले. बाई दचकल्या. वर पत्र्याकडे बघितलं. मग जरा जोर लावून म्हणाल्या, “अवो, घराचा पार उकिरडा केलाय तुमी!”

मास्तर कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तिथं जाड आवाज सगळ्यात मोठा ऐकू येतो.

“आजून बोल,” ते म्हणाले.