पिशवीतलं दावं

आटपाडीच्या बाजारादिवशी सांगलीच्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला. रापलेला, टोपीवाला म्हातारा. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी आवळलेली आणि नजर थेट माझ्या वहीत. मी गोष्ट लिहीत होते, बैल विकून घरी निघालेल्या एका शेतकऱ्याची. मी वही तिरकी धरली, तर तोही तिरका झाला. मग मी पर्सही खिडकीकडे सरकवली. अशा माणसाचा काय भरवसा?

शेवटी त्यानंच दरडावून विचारलं, "बाई, माझं तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही हो. मनानंच लिहितेय."

"व्हय? मग बैलाबरूबर दावं बी देऊन टाकलं, असं कशाला लिवलंय?" त्यानं पिशवीतून दाव्याचं वेटोळं काढून माझ्या वहीवर ठेवलं. त्याला पांढरे केस चिकटले होते. "बैल इकला तरी दावं देत न्हाईत. गोठ्याची बरकत जाती. मी न्हाई दिलं."

मी ती ओळ त्याच्यादेखत खोडली. तरी उतरताना तो वळून वळून माझ्याकडे संशयानंच बघत होता.

माझ्या लिहिण्याला एवढी मोठी दाद पुन्हा कुणी दिली नाही.