साक्षीदार कापणारा मुकादम

आसेगावच्या देवमन मुकादमाने साक्षीदार कापला आणि तलावाच्या पाळीत पुरला, असं त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेलूबाजारला लोक कानात सांगत होते. कानात म्हणजे समोरच्या दुकानात ऐकू जाईल इतकंच. कोणी म्हणे, धड पाळीत आणि डोकं विहिरीत. ते विहिरीतलं डोकं मी जोडलं. खोटं कशाला बोलू, नुसतं धड फार ओकंबोकं वाटत होतं.

देवमनकडे पाहून ते कोणालाही खरं वाटलं असतं. खंडव्याच्या रेल्वेलाइनीवर मातीकाम शिकलेला, काटकुळा, कडू माणूस. स्वतःच्या लग्नातही हा मांडवाचे खांब ओळंब्यात आहेत का ते पाहत होता, असं त्याची वहिनी भागिरथा सांगायची.

दुष्काळी कामावर आमच्याकडे पाझर तलाव निघाला. देवमन सरकारचा मुकादम, मी हजेरीला. माती ज्या खड्ड्यांतून उचलायची, त्या प्रत्येक खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट न खणता ठेवायचा. खड्डा किती खोल गेला ते तो खुंट सांगतो, म्हणून त्याला म्हणायचं साक्षीदार. मजुरी त्याच्या उंचीवर. आता कोर्टातले साक्षीदार फितवता येतात, मग मातीचा काय हरिश्चंद्र लागून गेला? खुंटाच्या डोक्यावर ओलं ढेकूळ थापलं, त्यावर हरळी लावली, की साक्षीदार वीतभर वाढला. न खणलेली माती कागदावरच पाळीवर पडायची.

पाळीखाली तीनशे पावलांवर बौद्धवाडा होता. चाळीस घरं. देवमनचं त्यातच. पाळ पोकळ राहिली तर तलाव भरल्यावर पाणी कुठे जाईल, हे तिथल्या कोंबड्यांनाही कळत होतं.

ते दौलतरावांना कळून घ्यायचं नव्हतं. ते गावचे मोठे जमीनदार. त्यांची नव्वद माणसांची टोळी पाळीवर, आणि त्यांचं शेत तलावाला लागून. पाहुणे आणून उद्घाटनाचा नारळ फोडायची त्यांना भारी घाई. ओव्हरसियर तर त्यांच्याच घरी जेवायचा. रोज कोंबडी, असं म्हणतात. मी रश्शाचा वासच घेतला.

एके सकाळी देवमन फावडं घेऊन खड्ड्यात उतरला आणि खुंटांची डोकी उडवू लागला.

"काहून रे देवमन, हजामत करून राह्यला का?" दौलतरावांनी काठावरून विचारलं.

"खोटे हायेत हे. हरळी पाहा, कालची लावलेली. पुरी धरली बी नाई."

"तुले काय करनं हाये हरळीचं? पाळ कागदावर पुरी झाली."

"कागदानं पानी आडत नाई, दौलतराव."

"मंग तू आडवा पड तिथी. तुहं आंग बी कागदावानीच हाये."

सगळी टोळी हसली. बौद्धवाड्यातले मजूरही हसले, कारण खोटे खुंट त्यांचेही होते. देवमन पुढच्या खड्ड्यात गेला, तर तिथे भागिरथा खुंटापुढे हात पसरून उभी.

"भाऊजी, हा म्या वाढवला. लेकराइच्या भाकरीसाठी वाढवला. याले हात लावू नका."

"वैनी, पाळ फुटली तं पयलं घर तुमचं हाये."

"दोन वर्स झाले, आभायात ढग नाई, अन् हे बावा पुराले भिऊन राह्यले! आपल्याच मानसाच्या पोटावर पाय देता?"

देवमनने तिला बाजूला केलं आणि खुंट कापला. ती थुंकली. त्या दिवसापासून ती त्याच्या घरचं पाणी प्यायली नाही.

दुपारी त्याने ओव्हरसियरला रस्त्यावरच गाठलं आणि ओरडून सांगितलं, "अकरा साक्षीदार कापले म्या! करा काय करता ते!" बांगड्या विकणारी भुरीबाई नेमकी तिथून चालली होती. तिने ते शेलूबाजारला नेलं. अकरा मुडदे जरा जास्त वाटले, म्हणून लोकांनी आकडा एकावर आणला.

तिसऱ्या दिवशी मंगरूळहून पोलीस जमादार आला. दौलतरावांना आनंद मावेना. देवमन तुरुंगात गेला की मोजायला कोण राहतं? त्यांनी स्वतः बोट करून पाळीची ताजी जागा दाखवली. "इथी पुरला असंन, साहेब. खंदा." खणायला टोळीही त्यांचीच.

कंबरेइतकं खणलं. मुडदा नाही. निघाली ती डोक्याएवढी कोरडी ढेकळं, मधे बाभळीच्या फांद्या, आणि हात कोपरापर्यंत जाईल अशी भोकं. ना पाणी मारलेलं, ना धुमस मारून माती दाबलेली.

जमादाराने मिशी पुसली. "मानूस तं नाई भेटला. पन ही पाळ मेलेली हाये. लिहा पंचनामा."

पोलिसाचा पंचनामा काही कोंबडीच्या रश्शात विरघळत नाही. वरून साहेब आले, दीडशे फूट पाळ उकरली आणि पाणी मारून, धुमस करून नव्याने भरली. नारळ फुटला नाही. देवमनला मात्र मजुरांत भांडणं लावतो म्हणून अनसिंगच्या रस्त्याच्या कामावर पाठवलं. निघाला त्या दिवशी वाड्यातल्या चाळीस दारांतून एकही माणूस बाहेर आला नाही.

अफवा त्याच्याआधीच अनसिंगला पोहोचली होती. तिथे कोणी विचारलं, "कोनाले मारलं गा?" तर तो नुसता मोजायचा टेप उलगडायचा.

देवमनने कोणालाही मारलं नाही. त्याने मातीचे अकरा खुंट कापले, आणि अकराही खोटे होते.