तांब्यावरचा पेला

माझ्या सासूबाई धोंडाबाई मूळच्या किल्लारीच्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. भूकंपात घर गेलं, सासरे गेले. ढिगाऱ्यातून आत्या आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, तेवढे वाचले. पुढं लातुरात घर झालं. क्लासचं पेव फुटलं तशा वरच्या खोल्या शिकणाऱ्या पोरींनी भरल्या. आत्या मात्र स्लॅबखाली कधी निजल्या नाहीत. अंगणात पत्र्याचं शेड, त्यात बाज, उशाशी तांब्या आणि तांब्यावर पालथा पेला. जमीन हलली की पेला पडणार, जाग येणार. भूकंपानंतर आमच्या भागात बऱ्याच जणांनी असा पेला ठेवला होता. बाकीच्यांनी सोडून दिलं.

"लोकाच्या पोरी हायेत वर," आत्या म्हणायच्या. "त्यांना उठवील कोण?"

यंदा आत्यांचं लघवीतलं इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि त्यांना आयसीयूत ठेवावं लागलं. तिथं धाप वाढली, ईसीजीची पट्टी बिघडली. अटॅकच आला असं आम्ही धरून चाललो.

"नसा मोकळ्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "आजाराचा ताण इतका पडलाय, की हृदयाचा स्नायूच लुळा पडलाय. टोकाकडचा भाग हलतच नाही. इन्फेक्शन आवरलं तर बहुतेक तो भरून येतो. पण त्यांना शांत ठेवा. घाबरल्या की हृदयावर भार येतो, आणि झोपेचं औषध जास्त दिलं तर बीपी उतरतंय."

शांत कसं ठेवायचं? तापाची हुडहुडी भरली की खाट खडखडायची आणि आत्या उठून बसायच्या. "हालली गं, हालली! पोरींना भाईर काढ!" हातातली सुई ओढायच्या. शेवटी हात बांधले.

"आई, भूकंप न्हाई, ताप हाय," हे म्हणाले.

"तू गप. तवाबी झोपूनच व्हतास!"

दुपारी मी आंघोळीला घरी आले, तर शेडमध्ये रिकाम्या बाजेशी तो तांब्या, वर पेला. पिशवीत घातला आणि परत निघाले.

"पूजा मांडताय का ताई?" आयसीयूतल्या सिंधू सिस्टरनी विचारलं. मी पेल्याचं सांगितलं. त्या औशाच्या, किल्लारीजवळच्याच; त्यांना लगेच उमगलं. "खिडकीत ठेवा. त्यांना दिसंल असा."

संध्याकाळी पुन्हा हुडहुडी भरली. मी त्यांचं तोंड खिडकीकडं वळवलं. "आत्या, पेला बघा. पडला का?"

दात वाजत होते. कितीतरी वेळ टक लावून बघत राहिल्या.

"न्हाई."

"मग काय हाललं?"

"म्याच," म्हणाल्या, आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

पेल्यानं बरं केलं असं मी म्हणत नाही. सलाईनमधून औषधं चालूच होती. पण त्यानंतर हात बांधावे लागले नाहीत. सिस्टर जाता-येता विचारायच्या, "मावशी, पेला?" आत्या पुटपुटायच्या, "हाय जागंवर." दिवस फार सावकाश गेले. मग एकदा डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफीचं यंत्र छातीवर फिरवलं आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बघा, हृदयाचं टोकही आवळतंय आता."

घरी आणलं तर आत्या तडक शेडमध्येच गेल्या. मी उशाशी तांब्या ठेवला.

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "औषधानं लई गाढ झोप लागायलीय. पडला तरी मला कळायचं न्हाई. तुझ्याकडं ठीव."

वर पोरींचं मोठ्यानं पाठांतर चाललं होतं. माझे पाय भरून आले होते, डोळे उघडे राहत नव्हते. तरी तांब्या उचलून आत नेला, माझ्या उशाशी ठेवला आणि त्यावर पेला पालथा घातला.